पीओपीची दगडी भिंत: कापण्याआधी सांधा कुठे येणार ते ठरवा

प्रश्न असा आहे: मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर एचओ स्केलमध्ये, म्हणजे खऱ्याच्या १:८७ आकारात, बोरघाटासारखा घाट उभा करायला घेतलाय. रबरी साच्यांतून पीओपीची (प्लास्टर ऑफ पॅरिसची) कास्टिंग ओतून झाली आहेत, त्यात दगडी संरक्षक भिंती आहेत, बोगद्याची तोंडं आहेत, कातळाचे तुकडे आहेत. पण करवत लावली की कडेचे टवके उडतात. दोन तुकडे जोडले की मधे उभी रेघ दिसते. ६०० मि.मी. त्रिज्येच्या वळणावर सरळ भिंत बसत नाही. तर कापायला नेमकं कुठलं हत्यार घ्यावं?

हत्याराचं सांगतो, पण तुमच्या निम्म्या तक्रारींचं मूळ हत्यारात नाही. तुम्ही गुण्या लावून, मोजून, काटकोनात कापताय. प्लायला ते ठीक आहे. दगडी भिंतीत वरपासून खालपर्यंत सरळ उभी दर्ज, म्हणजे दोन दगडांमधली रेघ, कुठेच नसते, कारण गवंडी सांधमोड केल्याशिवाय, म्हणजे खालच्या सांध्यावर वरचा सांधा येणार नाही असं बघितल्याशिवाय, दगड लावतच नाही. तुमची सरळ कापलेली रेघ एक केसभर असली तरी डोळा तिथेच जातो, आणि ती बुजवायला पुट्टी कितीही भरली तरी जात नाही. म्हणून आधी पेन्सिल घ्या, करवत नंतर.

भिंतीला उभा सांधा घ्यायला जिथे काहीतरी कारण आहे अशा जागा शोधा. धक्क्याच्या, म्हणजे माती अडवणाऱ्या, भिंतीला मधेमधे बाहेर आलेला आधाराचा खांब असतो, त्याची बगल ही सांध्याची सर्वांत चांगली जागा. भिंतीची उंची एकदम बदलते ती जागा, बोगद्याच्या तोंडाला बाजूची भिंत भिडते तो कोपरा, गँगमनला गाडी जाईपर्यंत उभं राहायला ठेवलेला कोनाडा, हीसुद्धा चालतात. लेआउटच्या कागदी नकाशावर भिंतीची लांबी आखा, या जागांवर खुणा करा, मग तुमच्या कास्टिंगची लांबी त्यांत बसते का बघा. बहुतेक वेळा भिंत चार-सहा सेंटीमीटर इकडेतिकडे सरकवली की पाचातले तीन सांधे आपोआप लपतात. उरलेले दोन तेवढे नीट करायचे, आणि खरी मेहनत त्या दोनांवर घालायची.

आता माल. दुकानात छताच्या कामाला मिळणारं पीओपी आणि दंतवैद्यकाच्या साहित्याच्या दुकानात मिळणारं डेंटल स्टोन यांत फार फरक आहे. दोन्ही रासायनिकदृष्ट्या कॅल्शियम सल्फेटचंच अर्धजलित रूप आहेत. पण डेंटल स्टोनचे कण घट्ट आणि नीटस असतात, त्यामुळे १०० ग्रॅमला २८ ते ३० मि.ली. पाणी पुरतं. साध्या पीओपीला ते ओतण्याजोगं व्हायला ५० ते ७० मि.ली. लागतं. प्रत्यक्षात घट्ट होण्याच्या क्रियेला १०० ग्रॅममागे साडेअठरा मि.ली.च्या आसपास पाणी खर्च होतं. बाकीचं सगळं नंतर उडून जातं आणि मागे पोकळ छिद्रं ठेवतं. तुमचे टवके उडतायत त्याचं निम्मं कारण इथे आहे. साच्यात सहज पसरावं म्हणून पाणी वाढवलं की कडा खडूसारखी होते. अमेरिकेत छंदवाले ज्या हायड्रोकलचं नाव घेतात तेही याच कुळातलं, युनायटेड स्टेट्स जिप्सम या कंपनीचं. ते इथे शोधत बसण्यात अर्थ नाही.

मी असं करतो: बोगद्याची तोंडं, पुलाचे खांब, माथ्याचे दगड, म्हणजे जिथे धारदार कडा दिसणार आहेत तिथे डेंटल स्टोन. भिंतीचे मोठे पट्टे अर्ध्याला अर्धं. कातळ साध्या पीओपीचा, कारण तो मऊच बरा. तो फोडायचा आणि कोरायचा असतो. वजन करून घ्या, अंदाजपंचे नको. पावडर पाण्यात सोडायची, पाणी पावडरीत ओतायचं नाही. आणि पावसाळ्यात उघडं राहिलेलं पोतं वापरू नका. पीओपी सादळलं की कधी गुठळ्या धरतं, कधी अर्धवट घट्ट होतं, आणि दोष तुम्ही साच्याला देत बसता.

कापायची वेळ हत्यारापेक्षा महत्त्वाची आहे. ओलं कास्टिंग कोरड्याच्या साधारण निम्म्या ताकदीचं असतं. नुकसान होईल म्हणून लोक ते दोन दिवस वाळवतात आणि मग कापतात. उलट करा. साच्यातून काढल्यावर तासाभरात, अंगाला गार लागतंय तोवर कापा. या अवस्थेत करवत सरळ जाते, टवका उडत नाही, फार तर कडा किंचित दबते आणि ती बोटाने नीट करता येते. आधीच वाळलेली कास्टिंग असतील तर पाच-दहा मिनिटं पाण्यात बुडवून ठेवा, बुडबुडे यायचे थांबले की बाहेर काढा. वाळवायची घाई झाली तरी ओव्हनमध्ये ५० अंशांच्या वर नेऊ नका. जिप्सम पुन्हा पाणी सोडायला लागतं आणि पृष्ठभाग भुसभुशीत होतो. पंख्याखाली, जाळीवर, दोन्ही बाजूंनी हवा लागेल असं ठेवणं उत्तम.

हत्यारं साधीच. हॅक्सॉचं इंचाला २४ दातांचं पातं, एका टोकाला चिकटपट्टी गुंडाळून हातात धरायचं, हे माझं मुख्य हत्यार. बारीक दातांची रेझर सॉ सुंदर कापते, पण ओल्या पीओपीत तिचे दात लगेच भरतात. शेजारी पाण्याची वाटी आणि जुना टूथब्रश ठेवलात तर चालेल. सोनाराची बारीक करवत नागमोडी कापायला. एक अर्धगोल कानस, एक चपटी. दातांच्या डॉक्टरकडची टाकून दिलेली टोकदार हत्यारं मिळाली तर सोनं. विजेवर चालणारं कटर मात्र नको. धूळ घरभर होते आणि कास्टिंग हातात असताना तुटलं तर बोटं जातात.

पात्याची जाडीही धरायला हवी. हॅक्सॉची चीर साधारण १ मि.मी.ची पडते. १:८७ मध्ये ते खऱ्या भिंतीचे ८७ मि.मी. झाले. म्हणून रेघेवर कधी कापायचं नाही. रेघेच्या टाकाऊ बाजूने कापायचं आणि शेवटचा मिलिमीटर कानशीने गाठायचा. दर्शनी बाजू अशी धरा की पात्याचे दात दगडाच्या तोंडाकडून आत शिरतील आणि पाठीकडून बाहेर पडतील. टवका नेहमी दात बाहेर पडतात त्या बाजूला उडतो. पाठीला उडाला तर उडू दे.

६ मि.मी. जाडीपर्यंतचा पट्टा आडवा, म्हणजे दोन रद्द्यांच्या (दगडांच्या आडव्या ओळींच्या) मधल्या दर्जेवर तोडायचा असेल तर करवतीचीही गरज नाही. धारदार सुरीने त्या दर्जेतून पाच-सहा हात मारून दोनेक मि.मी. खोल रेघ पाडा, पाठीमागेही तशीच, टेबलाच्या कडेला रेघ जुळवून एकदम खाली दाबा. फरशीवाला फरशी तोडतो तसंच. तुटलेली पाठ खडबडीत राहते आणि डिंकाला ती आवडते.

आता तो न लपणारा सांधा. एचओमध्ये एक फूट उंचीचा रद्दा ३.५ मि.मी.चा येतो. साठ मिलिमीटर उंच भिंतीत असे सतरा रद्दे. दोन्ही तुकड्यांची टोकं एका दगडाच्या लांबीएवढी एकमेकांवर येतील अशी जादा ठेवून कापा. मग डाव्या तुकड्यावर पहिल्या रद्द्यातला टोकाचा दगड ठेवा, दुसऱ्यातला काढा, तिसऱ्यातला ठेवा, असं खालपर्यंत जा. उजव्या तुकड्यावर याच्या बरोबर उलट. दगड काढताना सरळ आरपार न कापता उभी दर्ज सोनाराच्या करवतीने, आडवी दर्ज सुरीने कापायची, आणि आतल्या बाजूने थोडं जास्त खायचं. पाठीमागे अर्धा मिलिमीटर पोकळी राहिली पाहिजे म्हणजे पुढच्या कडा एकमेकींना टेकतील. पुढून फट आणि मागून भिडलेलं, असं झालं तर सांधा कधीच मिटणार नाही. दोन तुकडे हातात घेऊन एकमेकांत सरकवायचे, अडलं तर जोर नाही लावायचा. एका बाजूला पेन्सिलीचं शिसं घासून पुन्हा टेकवायचं, जिथे काळं उमटेल तिथेच अडतंय. तेवढंच खरवडायचं. हे काम कंटाळवाणं आहे, खोटं कशाला सांगू. पण एका भिंतीत असे एक-दोनच सांधे असतील तर एका संध्याकाळीत होतं.

आणि सगळे दगड जुळलेच पाहिजेत असंही नाही. सतरातले बारा-तेरा एकमेकांत गुंतले की डोळा फसतो. राहिलेल्या दोन-चार ठिकाणी खऱ्या भिंतीतही नंतर दुरुस्त केलेला दगड असतोच.

बाहेरचा कोपरा वळवायचा असेल तर दोन्ही तुकड्यांच्या पाठी ४५ अंशांत कानशीने उतरवा, दर्शनी कड तेवढी शाबूत ठेवा. पण इथवर थांबलात तर कोपरा कागदाच्या खोक्याचा वाटेल. कोपऱ्याचे दगड एका रद्द्यात या बाजूला लांब, त्या बाजूला आखूड दिसतात, पुढच्या रद्द्यात उलटे. साच्यातल्या भिंतीला हे माहीत नसतं. म्हणून कोपऱ्याजवळची पहिली उभी दर्ज एकाआड एक रद्द्यात भरून टाका आणि योग्य अंतरावर नवी कोरा. कोपऱ्याची धार जराशी मोडली तरी बिघडत नाही, घडीव दगडाची धारही शंभर वर्षांनी अशीच मोडलेली असते.

चढाचा मुद्दा तुम्ही विचारलेला नाही, पण तुम्ही बोरघाट म्हणालात म्हणून सांगायला हवा, कारण इथे भलेभले फसतात. बोरघाटाचा चढ ३७ ला १ आहे. १८६३ साली जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने तो उघडला तेव्हापासून बऱ्याच गाड्यांना जादा इंजिन लावावं लागतंय ते या चढामुळे. म्हणजे तुमच्या लेआउटवर एका मीटरला रूळ २७ मि.मी. वर चढणार. २७ मि.मी. म्हणजे जवळजवळ आठ रद्दे! भिंतीचं कास्टिंग रुळाच्या पट्टीवर सरळ ठेवून चिकटवलंत तर भिंतीचे सगळे रद्दे तिरके होतील, आणि बघणाऱ्याला काहीतरी चुकलंय एवढंच कळेल, काय ते सांगता येणार नाही. गवंडी रद्दे पाणसळीत, म्हणजे अगदी आडवे, लावतो. पाया पायऱ्यापायऱ्यांनी चढवतो आणि माथ्याचे दगड तेवढे रुळाच्या चढाबरोबर नेतो.

तुम्हीही तेच करा. २०० मि.मी. लांबीच्या तुकड्याला एका टोकाला ५.४ मि.मी. काढायचे, दुसऱ्या टोकाला शून्य. खालची कड अशी तिरकी कापली की रद्दे आडवे राहतात. वरच्या कडेलाही समांतर काप द्या. त्यामुळे सर्वांत वरचा रद्दा एका बाजूला निमुळता होत संपतो, आणि खरी भिंत जवळून पाहिलीत तर तिथेही माथ्याच्या दगडाखाली असेच पाचरीसारखे दगड बसवलेले सापडतात. माथ्याची पट्टी वेगळी ओता आणि शेवटी वरून चिकटवा. ती सगळे काप झाकते. बोगद्याचं तोंडही ओळंब्यात उभं करायचं, रुळाला काटकोनात नाही. फरक दीड अंशाचाच आहे, पण ९० मि.मी. उंचीला तो अडीच मि.मी. भरतो आणि शेजारच्या भिंतीशी ते तोंड भांडायला लागतं.

वळण. सरळ १५० मि.मी.चा तुकडा ६०० त्रिज्येवर ठेवला तर मधे ४.७ मि.मी. फट पडते, म्हणून तो बसत नाही. तोच तुकडा ४० मि.मी.च्या फाकांत कापला तर फट ०.३ मि.मी.वर येते, ती दिसत नाही. दोन फाकांमधला कोन पावणेचार अंशांचा. भिंतीचं तोंड वळणाच्या आत बघत असेल, म्हणजे अंतर्वक्र, तर पुढच्या कडा आपोआप भिडतात आणि मागे पाचर उघडी राहते. काहीच करायचं नाही, मागून भरायचं. तोंड बाहेर बघत असेल तर उलट होतं, पुढे फट पडते. मग प्रत्येक टोकाला पाठीकडून ०.२ मि.मी. काढायचे, म्हणजे कानशीचे दोन-चार हात. त्रिज्या मोजताना रुळाच्या मध्याची धरू नका. भिंत जिथे आहे तिथली धरा, आतली ५७० तर बाहेरची ६३० होते.

पण दर ४० मि.मी.वर गुंतवलेला सांधा करणं शहाणपणाचं नाही. लांब वळणदार भिंत हवी असेल तर कास्टिंग वळवूनच ओता. साचा पातळ सिलिकॉनचा असेल तर १ मि.मी.च्या ॲक्रिलिक पत्र्यावर ठेवून ओता. वरची चमक गेली, बोट लावलं तर ठसा उमटतो पण चिकटत नाही, असं आळलं की पत्र्यासकट उचलून आधीच कापून ठेवलेल्या प्लायच्या वक्र फर्म्यावर बसवा, दोन्ही टोकांना वजन ठेवा, हात लावू नका. ही वेळ दोन-तीन मिनिटांची असते. उशीर झाला तर वाकवू नका, सरळच राहू द्या. घट्ट झाल्यावर वाकवलेल्यात आत तडे पडतात आणि ते पहिल्या रंगाच्या हाताबरोबर उठून दिसतात.

चिकटवण्याआधी गाडी फिरवा, आणि सर्वांत लांब डबा फिरवा. आयसीएफचा, म्हणजे आपल्या रेल्वेचा जुन्या धाटणीचा, डबा २१.३ मीटरचा, एचओत २४५ मि.मी. एलएचबीचा, म्हणजे नव्या धाटणीचा, २३.५ मीटरचा, एचओत २७०. बोगींमधलं, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या दोन गाड्यांमधलं, अंतर दोघांचं जवळजवळ सारखं, १७० मि.मी.च्या आसपास. ६०० त्रिज्येवर डब्याचा मध्य आतल्या बाजूला ६ मि.मी. सरकतो, दोघांचाही. पण टोक बाहेर झुकतं ते आयसीएफचं साडेसहा आणि एलएचबीचं नऊ मि.मी. डब्याची अर्धी रुंदी साडेअठरा धरा. म्हणजे रुळाच्या मध्यापासून आतल्या भिंतीला कमीत कमी २८ आणि बाहेरच्या भिंतीला ३१-३२ मि.मी. अंतर हवं. आयसीएफचा डबा फिरवून समाधान मानून भिंत चिकटवली, आणि पुढे एलएचबीच्या डब्यांचा संच घेतला, तर तो घासणारच.

याच कारणाने युरोपातल्या कंपन्यांची तयार बोगद्याची तोंडं घेताना मोजून घ्या. तिकडचे डबे २.८-२.९ मीटर रुंद, आपले सव्वातीन मीटरला जरासे कमी. वळणावरचं तोंड तर हमखास अरुंद पडतं. कमानीच्या पायांच्या आतल्या कडेने दोन-तीन मि.मी. खरवडता येतात, पण कमान रुंद करायला गेलात तर कळीचा दगड मधोमध राहत नाही आणि सगळी कमान बेढब होते. त्यापेक्षा दुसरं तोंड ओता.

तोंड बसवताना त्याचे पाय खडीच्या पातळीच्या तीन-चार मि.मी. खाली पुरा, म्हणजे खाली उजेडाची फट राहत नाही. बाजूच्या भिंती तोंडाला नुसत्या टेकवायच्या नाहीत. तोंडाच्या कडेच्या खांबामागे दोन मि.मी. आत सरकवायच्या, सांधा सावलीत जातो. आतून पहिले पंधरा-वीस सेंटीमीटर अस्तर दाखवा, पुढे काळा रंग. घाटात जिथे कातळ भक्कम असेल तिथे बांधीव तोंडाशिवाय थेट कातळातलं भोकही शोभतं, तेही एखाद्या ठिकाणी करून बघा. कापाकापी वाचते.

आता कातळ. इथे भिंतीचे सगळे नियम उलटे. कातळ करवतीने कापूच नका, हाताने तोडा. पाठीमागे रेघ पाडून तुटेल तसं तुटू द्या. तुटलेली कड हीच खरी कड. बाजारातले बरेचसे रबरी साचे अमेरिकेतल्या डोंगरांवरून घेतलेले असतात, तिरक्या आणि उभ्या चिरांचे. सह्याद्री तसा नाही. आपला डोंगर लाव्ह्याच्या आडव्या थरांचा आहे, एकावर एक पायऱ्या. त्यामुळे साचा निवडताना आडव्या रेघांचा निवडा आणि बसवताना तो आडवाच ठेवा. एकच साचा चार वेळा वापरलाय हे लपवायला लोक तो ९० अंशांत फिरवतात. इथे ते चालणार नाही. १८० अंशांत फिरवा, थर आडवेच राहतात आणि ओळख बुजते.

या डोंगराने सांधेवाल्यांवर एक उपकारही केलाय. लाव्ह्याच्या दोन थरांमधे बऱ्याच ठिकाणी गेरूसारख्या तांबड्या मातीचा पातळ पट्टा असतो. तो काळ्या दगडापेक्षा मऊ, म्हणून आत खाल्ला जातो आणि त्याच्या वरखाली गवत धरतं. तुमच्या दोन कास्टिंगमधला आडवा सांधा बरोबर तिथे घ्या. पाच-सात मि.मी. फट मुद्दाम ठेवा, तीत पीओपी भरून आत दाबा, वाळल्यावर तांबूस रंग, कडेला थोडं गवत. लपवायची जागाच बघण्याजोगी होते. उभे सांधे पावसाळी ओहोळाच्या घळीत घ्या. तिथे काळसर ओघळ आणि झुडूप असणारच आहे.

कातळाचा खालचा काठ जमिनीला जुळवायला सुताराची युक्ती वापरा. कास्टिंग जागेवर उभं धरा, कंपासचं एक टोक जमिनीवरून फिरवा, दुसऱ्या टोकाची पेन्सिल कास्टिंगवर तोच चढउतार उमटवते. त्या रेघेवर पकडीने कुरतडत जा.

चिकटवायला फेव्हिकोल. पीओपी स्वतः पाणी पितं म्हणून थर्माकोल किंवा फोमवरही ते नीट सुकतं. रबरी सोल्यूशनचे चिकट पदार्थ थर्माकोल खाऊन टाकतात, ते लांब ठेवा. पुलाच्या खांबासारख्या भार घेणाऱ्या जागी अराल्डाइट. फेव्हिक्विक फक्त पाठीमागे आणि थेंबभर. पुढच्या अंगावर आलं तर ते पीओपीत मुरतं, त्या जागी रंग मुरत नाही, आणि तो पांढरट डाग शेवटपर्यंत राहतो. फेव्हिकोलचंही तसंच. सांध्यातून बाहेर आलेला ओघळ पुसू नका, पुसलात की तो पसरतो. अर्धवट सुकल्यावर सुरीच्या टोकाने उचलून काढा.

फट भरायला त्याच घाण्यातली पावडर, थोडी बरणीत नाव लिहून आधीच बाजूला ठेवा. वॉल पुट्टी नको. तिच्यात पांढरं सिमेंट असतं, ती आजूबाजूच्या पीओपीपेक्षा कठीण होते आणि तीत दर्ज कोरता येत नाही. रंगही वेगळा पिते. भरण्याआधी सांधा ब्रशने चांगला ओला करा, पाणी शोषायचं थांबेपर्यंत. कोरडं कास्टिंग नव्या पीओपीतलं पाणी ओढून घेतं, मग भरलेलं पीठ तसंच पिठूळ राहतं आणि नखाने निघतं. भरा, जरा वर ठेवा, आळलं की सुरीने दगडाच्या पातळीला आणा, आणि लगेच दर्जा कोरा. उभी दर्ज आधी, आडवी नंतर. दगडाच्या तोंडावर जुन्या ताठ ब्रशने चार टोचे मारा, घडवलेल्या दगडाचा खरखरीतपणा येतो. भिंतीच्या खालच्या तिसऱ्या-चौथ्या रद्द्यात पाणी जायची भोकं १ मि.मी.च्या ड्रिलने पाडा, सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकाच अंतराने. ती एका ओळीत दिसली की दोन तुकडे एक होतात. पुढे त्यांच्याखाली काळा-हिरवा ओघळ सोडता येतो.

रंगाचं फार सांगत नाही, तो वेगळा विषय. सगळं बसवून झाल्यावरच रंगवा, आधी एक पातळ ॲक्रिलिकचा एकसारखा हात, त्याने नवं-जुनं पीओपी सारखं पिऊ लागतं. मग राखाडी, थोडा तपकिरी, शेवटी काळा पातळ. पहिला हात दिल्यावर कुठे सांधा उठला तर तिथेच थांबा आणि तो भरा, पुढच्या हातात झाकला जाईल या आशेवर राहू नका.

शेवटचं, घरच्यांच्या भल्यासाठी: कानस मारताना मास्क लावा, आणि ओला चुरा असो की भांडी धुतलेलं पाणी, बेसिनमध्ये ओतू नका. बादलीत रात्रभर राहू द्या, वरचं पाणी झाडाला घाला, खालचा गाळ वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाका. पाइपात घट्ट झालेलं पीओपी काढायला प्लंबर येतो तेव्हा तो पाइपच कापतो.